दरवर्षी गॅस भरून जाणाऱ्या एसीवाल्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. दुकान कोणत्या गावात आहे तेही लिहीत नाही. ओळख पटायला एवढं पुरे: २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षं दर एप्रिलला तुम्ही आमच्या शेगावच्या घराचा जिना चढलात, दहा मिनिटांत खाली उतरलात आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य बोललात, "गॅस कमी झाला होता काकू, टाकून दिला." पैसे मोजून घेतलेत, खिशात घातलेत, गेलात. पावती एकदाही दिली नाहीत. आणि आमच्या आईने प्रत्येक वेळी, तुम्ही जिन्यावर असतानाच, आतून आवाज दिला, "त्या पोराले ताक दे आधी, उन्हातून आला तो." ते ताक सहाही वेळा तुम्ही प्यायलात. पत्राची सुरुवात म्हणूनच त्या ताकापासून केली.

आई आज ७८ वर्षांची आहे. तिला रक्तदाब आहे, दम्याचा त्रास आहे. पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. पलीकडे अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेल्याची बातमी येते तेव्हा इथे आमच्याही गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही. मैदानी भागात तापमान ४५ ला पोचलं की हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी आणखी ओढून नेतात. अशा माणसाच्या खोलीतलं यंत्र म्हणजे चैन नव्हे, औषध आहे. तुम्ही सहा वर्षं औषधात भेसळ केलीत. हा माझा आरोप आहे आणि तो मी पूर्ण समजून करते आहे.

आधी गॅसचं बोलू. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही, जुना होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो फिरत राहतो: खोलीतल्या कॉइलमध्ये उकळतो आणि आतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो पुन्हा पातळ होतो आणि उचललेली उष्णता बाहेर टाकतो. घरातल्या फ्रीजला वीस वीस वर्षं कोणी गॅस भरत नाही, ते याच कारणाने. एसीतला गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठून तरी गळतोय. गळती शोधायची, बुजवायची, नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची आणि मग यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. तुम्ही दहा मिनिटांचं केलंत. काटा तर मी तुमच्याजवळ कधी पाहिलाच नाही, आणि व्हॅक्यूम पंपही नाही.

हे मला शिकवलं माझ्या भाच्याने. तो मुंबई हायच्या तेलफलाटांना माल पुरवणाऱ्या बोटीवर इंजिनरूममध्ये काम करतो. एकदा सुटीवर आला, आजीच्या खोलीत पाच मिनिटं बसला, उठून यंत्रापाशी गेला आणि मला म्हणाला, "मावशी, एका वाटीत साबणाचा फेस करून दे." ब्रशने त्याने तो फेस एकेका जोडाला लावला. खोलीतल्या यंत्राच्या मागे जिथे तांब्याची नळी पितळी नटात बसते, त्या फ्लेअर नटाला लावताक्षणी फुगे आले. नळीचं तोंड फुलवताना ते एका बाजूला चिरलं होतं. यंत्र बसवलं त्या दिवसापासून चिरलेलं. दोन इंच नळी कापायची आणि तोंड पुन्हा नीट फुलवायचं, एवढंच काम होतं. ते तुमच्याच हातचं होतं, आणि २०१७ साली ते यंत्र तुम्हीच बसवलं होतंत.

तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. सहा वर्षं एकाच घरात एकाच महिन्यात गॅस कमी होतो आणि रोज हेच काम करणाऱ्या माणसाला गळतीचा संशयही येत नाही, हे शक्य नाही. नळीचं ते चिरलेलं तोंड तुमच्यासाठी दर एप्रिलचं पीक होतं. आमच्याकडून सहा वर्षांत साडेतेरा हजार रुपये गेले. तो जुना आर-२२ गॅस होता. ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आलेला. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. वर्षाला अर्धा किलो धरला तरी तीन किलो गॅस तुम्ही आमच्या घरातून आभाळात सोडलात, म्हणजे पाच टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. ज्या उन्हापासून आईला वाचवायला तुम्हाला बोलावलं, ते ऊन वाढवून तुम्ही जात होतात.

आता निवडीचं. २०१७ च्या एप्रिलमध्ये मी तुमच्या दुकानात आले तेव्हा कागदावर खोलीचं माप लिहून आणलं होतं. बारा बाय चौदा फूट, वरचा मजला, उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत, तिला मोठी खिडकी. तुम्ही कागद हातात घेतला नाहीत. म्हणालात, "एक टनाचा घ्या, बुलढाण्याले सगळ्याईकडे हाच चालते."

बुलढाण्याला चालत असेल. बुलढाणा सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. इंग्रज साहेबांनी जिल्ह्याचं ठाणं तिथे केलं त्यात हवेचाही वाटा होता. आमच्या जिल्ह्यात शेंबडं पोरसुद्धा घाटावरचं आणि घाटाखालचं वेगळं ओळखतं. बोथ्याचा घाट उतरताना गाडीच्या खिडकीतून येणारा वारा कुठे बदलतो हे डोळे मिटूनही कळतं. चिखली, मेहकर, बुलढाणा एकीकडे आणि खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर दुसरीकडे. दोन्हीकडे एकच माप लावणाऱ्या माणसाला आपल्या जिल्ह्याची हवा कळत नाही, किंवा दुकानात पडून असलेला माल खपवायचा असतो. त्या दिवशी तुमच्याकडे एक टनाचे चार खोके भिंतीला लागून उभे होते. मी ते पाहिले होते, अर्थ आता लागला.

टन म्हणजे काय, हे तरी गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं. टन हे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. हे माप बर्फाच्या धंद्याच्या दिवसांतलं आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनहून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजाने मुंबईला यायचा. महिनोन्‌महिने दोन महासागर ओलांडून तो पोचायचा, कारण भुसा किती लागेल आणि वाटेत किती वितळेल याचा हिशेब कोणीतरी आधी मांडलेला असायचा. तुम्हाला शेगाव ते खामगाव एवढ्या अंतराचाही हिशेब मांडावासा वाटला नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही कोणत्याच गिऱ्हाइकाला सांगत नाही. खोक्यावर छापलेली ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४५ झाले की तेच यंत्र तेवढी उष्णता उपसू शकत नाही, आणि वीज मात्र जास्त खातं. उन्हाळी प्रदेशांसाठी ४६ अंशांवर तपासलेली वेगळी यंत्रं मिळतात. चांदण्यांच्या लेबलावरचा वर्षभराचा आकडाही २४ ते ४३ अंशांच्या हवेवर काढलेला असतो. आमची मे महिन्यातली दुपार त्या हिशेबात बसतच नाही. म्हणून घाटाखाली, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत दीड टनाच्या खाली जायचं नसतं, आणि त्याआधी स्लॅबला चुन्याचा पांढरा हात मारायला सांगायचं असतं. चुना स्वस्त आहे. पण तो तुमच्या दुकानात विकायला नव्हता.

आईचं एकच म्हणणं असायचं, "थंड नाही लागून राह्यलं बाई, पन कायले त्याले बोलावतं, पैसे घालवशीन." सोळा अंशांवर लावलेलं यंत्र दिवसभर चालायचं आणि खोली तिशीच्या खाली यायची नाही. बिल भरायचो आम्ही. तिला वाटायचं, आपलंच अंग म्हातारपणी तापट झालं. हे तिच्या मनात तुम्ही घातलंत, कारण तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "आजी, वयानं गरम लागतेच."

आउटडोअर तुम्ही बसवलंत मागच्या बोळात, दोन भिंतींच्या मधे, पश्चिमेला तोंड करून. बोळाच्या पलीकडे जिनिंग आहे. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत तिथे कापसातली सरकी काढली जाते आणि पांढरी रुई आमच्या तारांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती आउटडोअरच्या कॉइलवरही बसणार, हे पाहायला शिकावं लागत नाही. कॉइलच्या बारीक पत्र्या रुईने बुजल्या की उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही, आत दाब चढत जातो, कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, थंडावला की पुन्हा सुरू होतो. आमचं यंत्र दुपारी दोन ते पाच असंच धापा टाकायचं. तुम्ही ते पाहून म्हणालात, "व्होल्टेज कमी आहे." आणि स्टॅबिलायझर विकलात.

भाच्याने त्या बोळात बॅटरी मारली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बोटीवर एसीची उष्णता समुद्राच्या पाण्यात टाकतात. समुद्राचं पाणी पंपाने ओढून कंडेन्सरमधून फिरवतात आणि परत समुद्रात सोडतात. त्या पाण्याबरोबर शेवाळ, शिंपले, प्लॅस्टिक सगळं येतं. म्हणून पंपाच्या आधी गाळणी असते आणि ती ठरल्या दिवशी उघडून साफ करावीच लागते. खाऱ्या पाण्याने साधं तांबं खाल्लं जातं म्हणून तांबं-निकेलच्या नळ्या वापरतात. तरीही गंज धरतोच, म्हणून जस्ताचे तुकडे बसवतात, म्हणजे खारं पाणी आधी जस्त खातं आणि नळी वाचते. जुनं यंत्र बदलायचं झालं तर आधी दार मोजतात, जिना मोजतात, पाण्याच्या नळ्यांची जाडी मोजतात, केबिनमध्ये माणसं किती झोपतात आणि भिंतीपलीकडे इंजिन आहे का ते पाहतात. भर समुद्रात दुकान नसतं. चुकीचं यंत्र आत गेलं तर पुढचं बंदर येईपर्यंत माणसं त्याच केबिनमध्ये भाजत राहतात.

आमची आई त्या बोटीवरच होती, भाऊ. फरक इतकाच की तिचं बंदर कधी आलं नाही.

खाऱ्या पाण्याचं बोललेच आहे तर २०२१ चा एप्रिल आठवून पाहा. पूर्णेच्या दोन्ही काठांचा हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा, तीन जिल्ह्यांत पसरलेला. इथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, कूलरच्या गवतावर दोन आठवड्यांत पांढरी खपली धरते, बादलीच्या कडेला मीठ दिसतं. तुम्ही इथलेच, तुम्हाला हे कोणी सांगावं? त्या वर्षी तुम्ही "सर्व्हिसिंग" केलंत. बाथरूम धुवायचं ॲसिड आमच्याकडूनच मागून घेतलंत, कॉइलवर ओतलंत आणि आमच्याच बोअरच्या पाण्याचा पाइप जोरात मारलात. रुई गेली, कॉइल चकाकली, मीही खूश झाले. गोड पाण्याने पुन्हा धुवायचं असतं हे ना तुम्ही सांगितलंत ना केलंत. ॲसिडने पत्र्या चाटल्या आणि राहिलेलं काम मिठाने केलं. पुढच्या पावसाळ्यानंतर कॉइलला बोट लावलं तर ॲल्युमिनियमची राख हाताला यायची. आत, आईच्या डोक्यावरच्या यंत्राची कॉइलही तुम्ही त्याच पाण्याने धुतली होतीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं त्यावरच घडलं.

मार्च २०२४ मध्ये कॉम्प्रेसर गेला. सात वर्षं धापा टाकलेल्या यंत्राचा तो जाणारच होता. तुम्ही आलात, पाहिलंत आणि म्हणालात, "नवीन कायले घेता काकू, एवढा खर्च. आत सगळं चांगलं आहे. नुसतं आउटडोअर बदलून देतो, एका घरचं काढलेलं आहे, नव्यासारखं." मी हो म्हटलं. आईच्या दवाखान्याचा खर्च चालू होता, तुम्ही दहा हजारांत काम होईल म्हणालात.

त्या आउटडोअरच्या पाटीवर आर-३२ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्या आतल्या यंत्रावर, त्याच्या कॉइलवर, भिंतीतल्या नळ्यांवर आर-२२. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दाबाच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो. दोघांची तेलं वेगळी. जुन्या नळीत उरलेलं तेल नव्या कॉम्प्रेसरला चालत नाही. आणि आर-३२ हवेपेक्षा जड असतो, थोडाफार पेट घेणाराही असतो, म्हणून गळालाच तर बंद खोलीत जमिनीलगत साचतो. कोणत्या गॅससाठी यंत्र बनलं आहे हे पाटीवर लिहितात ते याचसाठी. ती पाटी तुम्ही वाचली नसेल तर हा धंदा करू नका. वाचून बसवलं असेल, तर त्या खोलीत झोपणारी माझी आई होती हे तुम्ही दहा हजारांसाठी विसरलात.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमाराला आईने हाक मारली. आत गेले तर यंत्रातून शिट्टीसारखा आवाज येत होता, खोलीत पांढरट धूर आणि तेलाचा वास. मिठाने खाल्लेली जुनी कॉइल नव्या दाबाने फुटली होती. आई उठून बसायचा प्रयत्न करत होती, तिला श्वास घेता येत नव्हता. मी खिडकी उघडली आणि तिला दोन्ही हातांनी धरून बाहेर आणलं. देवघरात समई तेवत होती, ती त्या खोलीच्या दारापासून सहा फुटांवर. ती गोष्ट मला रात्री आठवली, आणि मग झोप लागली नाही.

पुढचे नऊ दिवस आई पत्र्याच्या जुन्या कूलरसमोर झोपली. पाचव्या दिवशी तिला उन्हाने भोवळ आली, सलाइन लावावं लागलं. तुम्हाला मी त्या नऊ दिवसांत अकरा फोन केले. दोन उचललेत. पहिल्यांदा म्हणालात, लग्नाची घाई आहे, उद्या येतो. दुसऱ्यांदा म्हणालात, "कॉइल जुनी होती काकू, त्याले मी काय करू?"

त्या प्रश्नाचं उत्तर हे पत्र आहे. काय करता आलं असतं ते सगळं वर लिहिलं आहे. माप घेता आलं असतं. नळीचं तोंड पुन्हा फुलवता आलं असतं. आउटडोअर बोळातून काढून गच्चीवर उत्तरेला, चारी बाजूंनी हात फिरेल अशा जागी ठेवता आलं असतं. गोड पाण्याच्या दोन बादल्या मागता आल्या असत्या, आम्ही दिल्या असत्या. आणि यातलं काहीच जमत नसेल तर "मले हे येत नाही काकू, दुसऱ्याले बोलवा" एवढं म्हणता आलं असतं. त्यात कमीपणा नव्हता. याच तालुक्यात व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि गेज स्कूटरच्या मागे बांधून गावोगाव फिरणारी पोरं आहेत, आयटीआय शिकलेली, उन्हात करपलेली. ती गळती दाखवल्याशिवाय पैसे घेत नाहीत. तुमच्यामुळे लोक त्यांनाही चोर समजतात. त्यांच्याही वतीने मी रागावलेली आहे.

आता आईच्या खोलीत दीड टनाचं, जास्त उष्णतेसाठी तपासलेलं नवं यंत्र आहे. आत आणि बाहेर एकाच जोडीचं, नळ्या नव्या. ज्या पोराने बसवलं त्याने अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवला, पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघत बसला, मग गॅस सोडला. यंत्र २६ वर असतं आणि आई पांघरूण मागते. त्यालाही तिने ताक दिलं.

तुम्हाला दिलेले साडेतेरा हजार आणि दहा हजार मला परत नकोत. मला दुसरं हवं आहे. आमच्या गल्लीतच तुम्ही आणखी पाच घरी दर एप्रिलला गॅस भरता, हे मी घरोघरी जाऊन विचारलं आहे. त्यातल्या एका घरी अर्धांगवायूने पडून असलेले एक गृहस्थ आहेत, एका घरी तीन महिन्यांचं बाळ. त्या दोन्ही घरी तुम्ही जुन्या यंत्राला दुसऱ्याच यंत्राचं आउटडोअर जोडलेलं आहे. पाट्या मी स्वतः वाचल्या. घरच्यांना सांगून दोन्ही यंत्रं बंद ठेवायला लावली आहेत. होळी व्हायची आहे, ऊन अजून चढलेलं नाही. त्याआधी या, त्या दोन घरांची आउटडोअरं काढून न्या आणि उरलेल्या तीन घरी साबणाचा फेस घेऊन एकेक नट तपासा. वाटी आणि ब्रश आमच्याकडे आहेत.